मेक्सिको व्हाया वसई

ऑफिसच्या आसपास जेवायला बरी जागा असणं हे पगाराच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं असतं, असं माझं ठाम मत आहे. आमचं ऑफिस मीरा रोडला. (हो, आयटीवाल्यांचं ऑफिस मीरा रोडलाही असू शकतं. सगळेच काही पवईला नि हिंजवडीला नसतात.) तिथून चार पावलांवर, कोपऱ्यावर वळलं की आमचा दुपारचा अड्डा. पाटीवर मोठ्ठी टोपी घातलेला मिशाळ मेक्सिकन, आत पाच टेबलं, आणि मेनूकार्डावर 'मेक्सिकन' हा शब्द इतक्या वेळा, की मोजायचा कंटाळा यावा. मेक्सिकन रोल, मेक्सिकन सँडविच, मेक्सिकन भेळ, इतकंच काय, मेक्सिकन डोसा! तव्यावरचा मुलगा जौनपूरचा, मालक कच्छी, खाणारे आम्ही. मेक्सिको यातल्या कुणीच पाहिलेला नाही.

पण रोल मात्र अप्रतिम असतो. मैद्याची मोठी मऊ पोळी, तिच्यात मसाला घातलेला शिजलेला राजमा, मक्याचे दाणे, ढोबळी मिरचीच्या तव्यावर परतलेल्या पट्ट्या, वर टोमॅटो आणि हिरव्या मिरचीचं आंबट-तिखट काहीतरी ज्याला तो मुलगा 'साल्सा' म्हणतो आणि माझी आई बिनदिक्कत कोशिंबीर म्हणेल, आणि हे सगळं धरून ठेवायला भरपूर चीज. शेवटच्या घासाला कागदातून लाल रस मनगटावर ओघळतो. आठवड्यातून दोनदा तरी हा कार्यक्रम असतो. बाहेर पाऊस आणि रिलीज दोन्ही कोसळत असतील तर तीनदा.

आणि दर वेळी टेबलावर कुणीतरी तोच मुद्दा काढतो: "हे कसलं मेक्सिकन? हा तर राजम्याची फ्रँकी!" म्हणजे आपल्या जेवणाला परदेशी टोपी घातली आणि वीस रुपये जास्त लावले, असा एकूण आरोप. हा आरोप ऐकून ऐकून मी गेल्या काही विकांतांना थोडं वाचन केलं. त्यातून जे हाताला लागलं ते नेमकं उलटं आहे. त्या रोलमध्ये मेक्सिकन गोष्टी कमी नाहीत, भरपूर आहेत. चारशे वर्षांपासून आहेत. नाही ती एकच गोष्ट, आणि ती एक गोष्ट मागे राहिल्यामुळे जगात लाखो माणसं आजारी पडली. त्याचीच ही गोष्ट.

आधी हिशोब करू. मका मूळचा मेक्सिकोचा. नैर्ऋत्य मेक्सिकोतल्या बाल्सास नदीच्या खोऱ्यात साधारण नऊ हजार वर्षांपूर्वी तेओसिंते नावाच्या एका गवतापासून तिथल्या लोकांनी तो निवडत निवडत घडवला. मिरची (आणि तिची थोरली बहीण ढोबळी मिरची) तिथलीच. टोमॅटोचं रानटी कूळ दक्षिण अमेरिकेतलं, पण त्याला खाण्याजोगं रूप आलं ते मेक्सिकोत. 'टोमॅटो' हा शब्दच नाहुआट्ल म्हणजे आझ्टेक लोकांच्या भाषेतल्या 'तोमाट्ल'वरून आलाय. 'चिली' हा शब्दही त्याच भाषेतला. राजमा? पंजाब्यांनी रागावू नये, पण राजमाही अमेरिकेतलाच. मेक्सिको आणि अँडीज पर्वतात तो वेगवेगळा शेतीत आला.

आता रोलमध्ये जे मेक्सिकन नाही त्याची यादी करा. गहू, चीज, कांदा, लसूण, कोथिंबीर, लिंबू. हे सगळं जुन्या जगातलं. १५१९ साली एर्नान कोर्तेस मेक्सिकोच्या किनाऱ्याला लागला, १५२१ मध्ये आझ्टेक राजधानी पडली, आणि त्यानंतर स्पॅनिश लोकांनी गाई-गहू-कांदे-लसूण तिकडे नेले.

इथे एक गंमत बघा. भाईंदरला जैन आणि गुजराती वस्ती मोठी, त्यामुळे आमच्याकडच्या कुठल्याही मेनूत 'जैन मिळेल' ही ओळ असतेच. आमचा टीम लीड जैन रोल घेतो. कांदा नाही, लसूण नाही. उरतं काय? राजमा, मका, मिरची, ढोबळी मिरची, टोमॅटो. चीज आणि मैदा तेवढे बाजूला ठेवले तर ही आझ्टेकांच्या बाजारातली यादी झाली. म्हणजे भाईंदरचा जैन रोल हा कोर्तेसच्या आधीच्या मेक्सिकोच्या जास्त जवळ आहे! हे मी त्याला सांगितलं तेव्हा त्याने फक्त एवढंच विचारलं, "आणि ते लोक नॉनव्हेज खायचे ना?" खायचे. असो.

तर प्रश्न असा, की हे सगळं आपल्याकडे आलं कुठून. उत्तर लोकलच्या खिडकीतून दिसतं.

भाईंदर सोडलं की विरार लोकल खाडीवरच्या पुलावर चढते. डब्यातली गर्दी क्षणभर गप्प होते, खारा वारा आत येतो, मध्ये पाणजू बेट लागतं, मग नायगाव आणि मग वसई. डावीकडे, खाडी समुद्राला मिळते तिथे वसईचा किल्ला आहे. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना लिहून दिला. त्यात साष्टी बेटही आलं, आणि आपलं मीरा-भाईंदर म्हणजे साष्टीचं उत्तर टोक. चिमाजी आप्पांनी मे १७३९ मध्ये वसई घेतली तोपर्यंत दोनशेहून अधिक वर्षं हा भाग पोर्तुगीजांच्या 'उत्तरेकडच्या प्रांतात' मोडत होता आणि वसई त्याची राजधानी होती. घोडबंदरचा किल्ला, उत्तनजवळच्या चौकचा धारावीचा किल्ला ही त्या लढायांची ठिकाणं आज आपल्या महापालिकेच्या हद्दीत आहेत. आपण त्यांना रिक्षाच्या भाड्यापुरतं ओळखतो ही गोष्ट वेगळी.

पोर्तुगीजांचं मेक्सिकोत राज्य नव्हतं. १४९४ च्या तोर्देसिल्यासच्या करारात स्पेन आणि पोर्तुगालने जग वाटून घेतलं होतं. मेक्सिको गेला स्पेनकडे, ब्राझील आलं पोर्तुगालकडे. पण रोपांना करार वाचता येत नाही. मेक्सिकोची मिरची कॅरिबियन बेटांवरून, ब्राझीलवरून, पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून पोर्तुगीज जहाजांत शिरली आणि आफ्रिकेला वळसा घालून गोव्यापासून दीव-दमणपर्यंतच्या बंदरांच्या माळेत येऊन पोहोचली. दुसरी वाट उलट्या दिशेची. १५६५ पासून १८१५ पर्यंत, तब्बल अडीचशे वर्षं, मेक्सिकोचं आकापुल्को आणि फिलिपिन्सचं मनिला यांच्यात स्पॅनिश गलबतं ये-जा करत होती. मेक्सिकोची चांदी मनिलाला, चीनचं रेशीम आकापुल्कोला. आणि १५८० ते १६४० या काळात तर स्पेन आणि पोर्तुगालचा राजा एकच होता, त्यामुळे वसई, मनिला आणि मेक्सिको ही एकाच राजाची तीन गावं होती म्हणा ना.

यातली मिरची सगळ्यांत आधी जिंकली, आणि त्याचं कारण साधं आहे. तिच्याआधी आपल्याकडे तिखटपणा यायचा मिरे, पिंपळी आणि आल्यातून. मिरे मलबारातून यायचे, विकत घ्यावे लागायचे. मिरची परसात लावली की उगवते, उन्हात वाळवली की वर्षभर टिकते. गरिबाला चव फुकटात मिळाली. मग आपण तिला नावही जुन्याच मसाल्याचं दिलं. मिऱ्यासारखी तिखट ती मिरची. आज ती इतकी आपली आहे, की राग आला तर नाकाला झोंबते, दृष्ट काढायला मिठाबरोबर लागते आणि लिंबाबरोबर दुकानाच्या दारात लटकते. आमच्या अड्ड्याच्या दारातही लटकते. त्या दुकानात खरोखर मेक्सिकन असं काय, तर पाटीवरचा मिशाळ बाबा नव्हे, ती दोऱ्याला ओवलेली मिरची.

नावांच्या या खेळात तर आपण कमालच केली आहे. सीताफळ आणि रामफळ ही दोन्ही फळं मूळची उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेची. थेट राम-सीतेच्या नावाने घरात घेतली. चिकू मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा. त्याच्या झाडाच्या चिकापासून पूर्वी च्युइंगगम बनायचं. आणि आज डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे. दसऱ्याला दादरच्या फूलबाजारात आपण ज्याच्यासाठी मारामारी करतो तो झेंडू? मेक्सिकन. तिकडे एक-दोन नोव्हेंबरला मृतांच्या दिवशी पितरांना वाट दिसावी म्हणून ह्याच फुलांच्या पाकळ्या अंथरतात. आपण विजयाच्या दिवशी त्याचंच तोरण बांधतो. निशिगंधही तिथलाच. देवळातला पांढरा-पिवळा चाफा, तोही त्याच बाजूचा.

आणि उपवास! एकादशीच्या साबुदाण्याच्या खिचडीतला साबुदाणा ज्या कंदाचा, तो कसावा दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. बटाटा अँडीजचा, नाव मात्र पोर्तुगीजांकडून आलेलं. मिरची मेक्सिकोची. जिरं भूमध्य समुद्राच्या बाजूचं. पक्कं इथलं म्हणावं असं त्या ताटात काय उरलं? तूप आणि मीठ. मीठ बहुधा भाईंदरच्या मिठागरातलंही असेल एकेकाळी. :-)

तर 'हे कसलं मेक्सिकन' या प्रश्नाचं उत्तर असं, की भाऊ, तू सकाळी पोहे खाल्लेस तेव्हाच अर्धा मेक्सिकन झालास.

पण इथवरची गोष्ट गोड आहे. तिला दुसरी बाजू आहे, आणि ती त्या मैद्याच्या पोळीत लपलेली आहे.

उत्तर मेक्सिकोत गव्हाची टॉर्टिया करतात आणि आपल्या रोलचा मूळपुरुष जो बरिटो तो तिकडचाच, तेव्हा आमच्या मालकाला दोष देण्यात अर्थ नाही. पण मेक्सिकोचं खरं रोजचं अन्न म्हणजे मक्याची टॉर्टिया. आपल्या भाकरीची सख्खी बहीण. तिथलं जुनं स्वयंपाकघर बघितलं तर ओळखीचं वाटतं. मेताते म्हणजे आपला पाटा, मोल्काहेते म्हणजे खल, आणि कोमाल म्हणजे मातीचं खापर. फक्त एक पायरी आपल्याकडे नाही. ती म्हणजे चुना.

वाळलेला मका तिथे तसाच दळत नाहीत. आधी तो चुन्याच्या पाण्यात उकळतात, त्याच पाण्यात रात्रभर भिजवतात, सकाळी चोळून धुतात, मग ओला दळतात. नाहुआट्ल भाषेत या प्रक्रियेने तयार झालेल्या मक्याला 'निश्तामाल' म्हणतात. त्यातला पहिला शब्द राखेचा, कारण काही ठिकाणी चुन्याऐवजी लाकडाची राख वापरत. ही पद्धत किमान तीन हजार वर्षं जुनी आहे. चुन्याने दाण्याचं कडक साल सुटतं, पीठ चिकट होतं आणि थापलेली टॉर्टिया तुटत नाही. पण खरं काम दिसत नाही असं आहे. मक्यात बी-३ जीवनसत्त्व, म्हणजे नायसिन, असतं, पण ते अशा रूपात बांधलेलं असतं की आपल्या पोटाला ते सोडवून घेता येत नाही. चुन्याच्या पाण्यात ते मोकळं होतं. शिवाय कॅल्शियम मिळतं ते वेगळंच.

हे रसायनशास्त्र त्या बायकांना माहीत नव्हतं. त्यांना एवढंच माहीत होतं की मका असाच करायचा असतो.

आता मका युरोपात गेला. पीक जोरदार, गव्हापेक्षा स्वस्त, गरिबांनी डोक्यावर घेतला. दाणे गेले, बी गेलं, लागवड गेली. चुना गेला नाही. आमच्या धंद्यात हे रोज घडतं. जुन्या सिस्टीममध्ये एक विचित्र ओळ असते. ती लिहिणारा केव्हाच सोडून गेलेला असतो. नवा माणूस बघतो, म्हणतो, "ही कशाला आहे? काढून टाकली तरी चालतंय की." आणि खरंच चालतं. पहिल्या दिवशी चालतं, पहिल्या महिन्यात चालतं. मक्याच्या बाबतीत ते जवळजवळ दोनशे वर्षं चाललं.

मग स्पेनच्या अस्तुरियास भागात गास्पार कासाल नावाच्या वैद्याला १७३५ साली गरीब शेतकऱ्यांमध्ये एक नवा रोग दिसला. हाता-पायांवर, गळ्याभोवती कातडी लाल होऊन खडबडीत व्हायची, मग जुलाब, मग भ्रम, मग मृत्यू. १७७१ मध्ये इटलीत फ्रापोली याने त्याला 'पेलाग्रा' हे नाव दिलं, अर्थ खरबरीत कातडी. उत्तर इटलीतल्या गावंच्या गावं मक्याच्या पोलेंतावर जगत होती आणि वेड्यांच्या इस्पितळांत या रोगाचे रोगी भरत होते. कुणी म्हणे मका किडका, कुणी म्हणे हवा वाईट, कुणी म्हणे हा संसर्ग.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हाच रोग अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत पसरला. कापूस पिकवणारे गरीब लोक, गोरे आणि काळे दोन्ही, खायला मक्याचं पीठ, डुकराची चरबी आणि काकवी. त्यात नव्या यंत्रांच्या गिरण्या मक्याचा अंकुरही काढून टाकू लागल्या होत्या. १९०६ ते १९४० या काळात तीस लाखांवर लोकांना पेलाग्रा झाला आणि लाखभर मेले, असा अंदाज दिला जातो.

१९१४ मध्ये सरकारने डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांना तिकडे पाठवलं. या माणसाने प्रयोगशाळेच्या आधी डोळे वापरले. अनाथाश्रमांत आणि वेड्यांच्या इस्पितळांत त्यांना दिसलं, की रोग होतो तो राहणाऱ्यांना, काम करणाऱ्यांना नाही. संसर्ग असता तर नर्सला आधी झाला असता. फरक होता ताटात. त्यांनी मुलांना दूध, अंडी, शेंगवर्गीय दाणे द्यायला लावले आणि रोग गेला. मग १९१५ मध्ये मिसिसिपीतल्या तुरुंगाच्या शेतावर उलटा प्रयोग: शिक्षामाफीच्या बदल्यात तयार झालेल्या कैद्यांना मक्याच्या आहारावर ठेवलं, आणि अकरांपैकी सहा जणांना पेलाग्राची लक्षणं आली. तरी लोक ऐकेनात. दक्षिणेतल्या पुढाऱ्यांना 'आमचे लोक उपाशी आहेत' हे कबूल करायचं नव्हतं. तेव्हा १९१६ मध्ये गोल्डबर्गर, त्यांची बायको आणि काही सहकारी यांनी रोग्यांचं रक्त टोचून घेतलं. पुरुषांनी तर त्यांच्या कातडीच्या खपल्या पिठाच्या गोळीत घालून गिळल्या. कुणालाही पेलाग्रा झाला नाही.

गोल्डबर्गर १९२९ मध्ये वारले. नेमका कुठला घटक कमी पडतो हे त्यांना शेवटपर्यंत सापडलं नव्हतं. ते १९३७ मध्ये कॉन्राड एल्वेयेम यांनी दाखवलं: नायसिन. म्हणजे कासालपासून मोजलं तर एक बग पकडायला दोनशे दोन वर्षं लागली. आणि फिक्स काय होता? मूठभर चुना, जो मेक्सिकोतली प्रत्येक बाई रोज संध्याकाळी पातेल्यात टाकत होती.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे मका आला तेव्हा आपलं काय झालं? आपण वाचलो, कारण मका आपल्याकडे बहुतेक ठिकाणी एकटा जेवला गेला नाही; सोबत डाळ, ताक, भाजी काहीतरी होतं. पण पेलाग्रा आपल्याला अगदी अनोळखी नाही. दख्खनच्या पठारावर निव्वळ ज्वारीवर दिवस काढणाऱ्या गरिबांत तो आढळायचा, आणि हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास त्यावर बरंच काम केलं. धान्य वेगळं, कारणमीमांसा वेगळी, पण रोगी तोच: ज्याच्या ताटात एकच पदार्थ आहे तो.

मला छळणारा प्रश्न निराळा आहे. चुना मागे राहिला का? माणसं येत-जात नव्हती असं नाही. याचा सगळ्यांत मोठा पुरावा वसईचाच आहे.

वसईत सेंट गोन्सालो गार्सिया यांच्या नावाचं कॉलेज आहे, तिथे शिकलेले मित्र तुमचेही असतील. हे गोन्सालो गार्सिया १५५६ च्या सुमारास वसईत जन्मले. वडील पोर्तुगीज, आई इथली. तरुणपणी ते जेझुइट पाद्र्यांबरोबर जपानला गेले, तिथली भाषा शिकले, पुढे व्यापार केला, मग मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले आणि दुभाषी म्हणून परत जपानला आले. इकडे १५७२ मध्ये मेक्सिको शहरात जन्मलेला फेलिपे दे हेसुस नावाचा तरुण मनिलाहून आकापुल्कोला, म्हणजे घरी, निघाला होता. १५९६ च्या ऑक्टोबरात त्याचं जहाज वादळाने जपानच्या किनाऱ्याला लागलं. त्यातून राजकारण पेटलं, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला सव्वीस जणांना क्रूसावर चढवलं गेलं. त्यांत वसईचे गोन्सालो होते आणि मेक्सिकोचा फेलिपे होता. १८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी या सगळ्यांना एकत्रच संतपद दिलं. फेलिपे हा मेक्सिकोचा पहिला संत, आणि गोन्सालो हे आपल्या देशात जन्मलेले पहिले कॅथलिक संत.

म्हणजे सोळाव्या शतकात एक वसईकर आणि एक मेक्सिकन एका टेकडीवर शेजारी शेजारी मरण पावले. इतकं जग तेव्हाही जोडलेलं होतं. तरी टॉर्टियाची कृती वसईला आली नाही. माझ्या मते कारण उघड आहे. जहाजावर कोण होतं? खलाशी, सैनिक, व्यापारी, पाद्री. सगळे पुरुष, आणि त्यातल्या कुणीही पाट्यावर मका वाटला नव्हता. कृती ज्यांच्या हातात होती त्या बायका जहाजावर नव्हत्या, आणि त्यांना विचारावं असं कुणाला वाटलं नाही. बी खिशात घालून नेता येतं. हातातली सवय नेता येत नाही, ती शेजारी बसून बघावी लागते. शिवाय पोर्तुगीजांना मका मिळाला तो अशा वाटेने, जिथे चुन्याची पद्धत नव्हतीच.

आणि सगळ्यांत वाईट वाटतं ते हे, की चुना आपल्या घरात होता! पानाच्या डब्यात होता. कोहळ्याचा पेठा चुन्याच्या निवळीत भिजतो, गुऱ्हाळात गूळ करताना चुना घालतात, अशक्त पोराला आजी निवळी पाजायची. मेक्सिकोचा मका आणि आपला चुना चारशे वर्षं एकाच घरात राहिले, एक फडताळात, एक पानदानात, आणि त्यांची ओळख कुणी करून दिली नाही.

म्हणून एका शनिवारी मी ती करून दिली. कृती देतो, सोपी आहे. अर्धा किलो वाळलेला मका (स्वीट कॉर्न नव्हे, किराणावाल्याकडचा कडक पिवळा), दीड लिटर पाणी, आणि पाच ग्रॅम खायचा चुना. पानवाल्याकडचा ओला साधा चुना असेल तर थोडा जास्त. रंगवायचा चुना चुकूनही नको. पाऊण तास मंद उकळायचं, झाकून रात्रभर ठेवायचं. सकाळी पाणी हळदीसारखं पिवळं होतं आणि दाण्याचं साल बोटांत येतं. तीन-चार पाण्यांनी चोळून धुवायचं आणि मिक्सरमधून शक्य तितकं कमी पाणी घालून वाटायचं. (पाटा आमच्याकडे २००५ च्या आसपास भंगारात गेला. आता कळतंय.) आईने हे सगळं बघून, "विड्याला लावायचा चुना मक्यात घालतोस?" एवढंच म्हटलं आणि लांबून लक्ष ठेवलं.

नुसत्या मक्याच्या पिठाची भाकरी ज्यांनी थापली आहे त्यांना ठाऊक असेल, कडा फाटतात, उचलताना तुकडे पडतात. हे पीठ तसं नव्हतं. गोळा मऊ, दोन प्लॅस्टिकमध्ये दाबला तर कडा अखंड, आणि तव्यावर दुसरी बाजू पडताच टम्म फुगला. वास भाजलेल्या कणसाचा आणि पहिल्या पावसाच्या मातीचा. पहिली टॉर्टिया आईनेच खाल्ली, लसणाच्या चटणीबरोबर. म्हणाली, "भाकरीच आहे, पण शहाणी झालेली."

हे सगळं इतक्या तपशिलात सांगण्याचं आणखी एक कारण आहे. मीरा-भाईंदरची महापालिका झाली २००२ मध्ये. एकेकाळी ही विखुरलेली गावं होती, आणि उत्तन-पाली-चौक-डोंगरी या पट्ट्यातल्या ईस्ट इंडियन आणि कोळी घरांत पोर्तुगीज काळापासूनचं स्वयंपाकघर अजून जिवंत आहे. तिथला बाटलीतला मसाला, म्हणजे बॉटल मसाला, हा मेक्सिकोच्या मिरचीने आपल्या किनाऱ्यावर काय संसार थाटला याचा जिवंत नमुना. एप्रिल-मेच्या उन्हात मिरच्या वाळतात, वीसहून जास्त जिन्नस एकेक करून भाजले जातात, मुसळांनी कुटून काळपट बियरच्या बाटल्यांत गच्च दाबून भरतात. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं. ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या उत्तनच्या घरी मी जेवलो तेव्हा तिच्या आईला विचारलं, अमुक जिन्नस आधी का भाजायचा आणि तमुक शेवटी का? त्या हसल्या. म्हणाल्या, "तसंच करतात." कुठे लिहून ठेवलंय का? नाही. मुलीला येतं का? मुलगी टेस्टिंगमध्ये आहे, तिने माझ्याकडे बघून खांदे उडवले.

'तसंच करतात.' मेक्सिकोतल्या बाईला एखाद्या खलाशाने १५५० साली विचारलं असतं, की मक्यात चुना कशाला, तर तिनेही हेच उत्तर दिलं असतं. आणि त्याने ते उत्तर लिहून घेतलं असतं, कारण न समजताही नुसती पायरी उतरवून घेतली असती, तरी पुष्कळ माणसं वाचली असती.

येत्या मे महिन्यात दोन विकांत मी त्या काकूंकडे मसाल्याला जाणार आहे, वजनकाटा आणि वही घेऊन. प्रमाण त्या सांगणार नाहीत, ते घराण्याचं गुपित आहे, आणि ते ठीकच आहे. मला फक्त क्रम लिहून घ्यायचाय, आणि काय का करतात ते, जिथे 'का' माहीत असेल तिथे. तुमच्या घरी आजी असेल तर तिच्या हातातली अशी एखादी बिनकामाची वाटणारी पायरी शोधा आणि लिहून ठेवा. अर्थ लागेल तेव्हा लागेल.

बाकी मंगळवारी लंचला नेहमीप्रमाणे रोल आहेच. त्या जौनपूरच्या मुलाला मी चुन्याची कृती सांगून ठेवली आहे. "मका तो मुश्किल है साहब," तो म्हणाला, "पर चूना हमारे पास हमेशा रहता है," आणि खिशातली डबी काढून दाखवली.